कारळाच्या चटणीखाली माझी माय

लातूर, १० जून, मंगळवार, सांज

आज डोकं ठिकाणावर न्हाई. कोचिंगच्या पोरी आमच्या घरी केलेल्या चटण्या मोबाईलवर मागवतात. त्याच्या जाहिराती माझी सून प्रियांका लिहिते. लिहिते कसली, मोबाईललाच विचारून महिन्याभराच्या तीस जाहिराती एका बैठकीत काढते. काढू दे. पण आज कारळाच्या चटणीच्या फोटूखाली माझी माय होती! म्हणे, "भूकंपाच्या आदल्या सांजेला आईनं मला घास भरवला आणि ही चव माझ्या हाती सोपवली."

कुणी भरवला? त्या सांजेला मायची चटणी करपली होती. मी ताट सरकवून दिलं. माय ताट उचलून तशीच झोपली, आणि पहाटे घर तिच्यावर बसलं. एवढ्या वर्षांत हे मी एकट्या प्रियांकाला सांगितलं, कारळं भाजताना. नवऱ्यालासुद्धा न्हाई.

विचारलं तर म्हणते, "आई, करपलेली चटणी कोण घेईल? मी फक्त जरा गोड केलं. बघा, पोरी वाचून रडायल्यात."

"माय माझी मेली, अन् गोड तू केलंस?"

म्हणली, काढून टाकते.

तिनं काढायच्या आधी मी ते परत वाचलं. घास भरवला. दोनदा वाचलं. खोटं हाय, मला म्हाईत हाय. तरी आत्ता तेच वाचायला पुन्हा मोबाईल मागितला, तर म्हणली, "आई, काढलं की मघाशीच."