सागावरचा बिनठिपक्यांचा पिंगळा

बुरहानपूर, बुधवार, ६ मार्च १९५७, संध्याकाळ

या वहीत चार दिवसांनी लिहितो आहे, उशिराबद्दल माफी. धूलकोटहून लेकीचं, सुमीचं, पत्र आलं होतं: घरासमोरच्या सागावर भर दुपारी पिंगळा बसतो आणि एकटक बघतो. तिला आठवा महिना. दिवसाढवळ्या घुबड घरासमोर, म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला हवं का? जावयांना पत्र लिहिलं, बैलगाडी जुंपा, तिला लगेच इकडे आणा. सुमीची आई म्हणाली, "अहो, पिंगळ्याला विचारून लेकीला खडबडत्या वाटेनं आणता का?"

आज शेजारचे वामनराव आले, जंगलखात्यात नाकेदार आहेत. नोव्हेंबरात राज्याच्या सीमा बदलल्या, पण त्यांचं जंगल तेच. सुमीचं पत्र ऐकून त्यांनी विचारलं, "डोक्यावर पांढरे ठिपके आहेत का?" सुमीनं लिहिलं होतं, डोकं साधं तपकिरी. ते हसले. "काका, कूळ एकच, जात निराळी. ठिपकेवाला आपल्या भिंतींच्या भोकांत राहतो, गल्लोगल्ली आहे. हा सागाच्या रानातला. एवढ्या नोकरीत मला तीनदाच दिसला. तो दिवसाच शिकार करतो. दिवसा जागणं अपशकुन असेल, तर आपण सगळेच अपशकुनी!"

ठिपके नाहीत. पुन्हा वाचून पाहिलं, खरंच नाहीत. मग टपालात टाकायचं राहिलेलं माझं पत्र चुलीत घातलं. आठव्या महिन्यात गाडीचे धक्के! मी काय करायला निघालो होतो?

आता सुमीलाच लिहितो: सुमे, तिथेच राहा बाई. त्या पाखराला कुणाला दगड मारू देऊ नकोस. आणि तू कशी आहेस, तेवढं लवकर कळव.