पूजलेला कॉम्प्युटर

महाड,
२१ नोव्हेंबर २००६

प्रिय रुचिर,

आशीर्वाद शेवटी, आधी हे पत्र एका बैठकीत वाच. तुझं पत्र येऊन तेरा दिवस झाले. आई ते अख्ख्या आळीला वाचून दाखवत हिंडते आहे. आमच्या रुचिरने कॉम्प्युटरातली चूक शोधली, मोठ्या कंपनीने आभार मानले, परदेशात भाषणाला बोलावलंय! अभिमान मलाही वाटतो रे, खोटं कशाला बोलू? पण इकडचंही ऐक. आमच्या शाळेतल्या नाथू शिपायाला निलंबित केलंय. ऑफिसच्या कॉम्प्युटरात ठेवलेला सहामाहीचा गणिताचा पेपर फुटला आणि ते पाप त्याच्या माथी मारलं. गुरुवारी, तीस तारखेला, चौकशी समिती शेवटची बसेल आणि त्याची नोकरी जाईल.

तू पाचवीत असताना सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं होतं, आठवतं? तुला खांद्यावर बसवून घरी आणणारा तोच हा नाथू. अजून रोज पोलादपूरच्या वरच्या वाडीवरून उतरून पहिल्या एसटीने येतो, खाकी कपडे घालून, कारण बायकोला, बयाबाईला, त्याने घरी सांगितलेलंच नाही. दिवसभर चवदार तळ्यापाशी बसतो आणि शाळा सुटायच्या वेळी परत जातो. परवा मी त्याला गाठलं. तर म्हणतो कसा, "बाई, तुमी शिकलेली मानसं, तुमी लिवलंत ते खरंच आसंल. पन मी नाय हात लावला." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काय लिहिलं होतं मी? शाळेत कॉम्प्युटर शिकवणारी मी एकटी, म्हणून समितीने माझं मत लेखी मागितलं. मी ऐटीत लिहून दिलं, की लॉक केलेला कॉम्प्युटर पासवर्डशिवाय उघडत नाही. पासवर्डची चिठ्ठी मुख्याध्यापकांच्या खणात आणि खणाची किल्ली नाथूकडे. झालं! ज्याला माउस कुठल्या हाताने धरायचा ते ठाऊक नाही, तो चोर ठरला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. देवाशपथ सांगते, तेव्हा मला ते वाक्य शंभर टक्के खरं वाटत होतं.

मग तुझं पत्र आलं. माझ्यासारखीला कळावं म्हणून किती छान समजावलंस! आतल्या दाराला कुलूप असतं, पण ओटीवर एक माणूस बसलेला असतो, यूएसबीचा ड्रायव्हर. खाचेत काहीही खुपसलं की तो आधी विचारतो, तू कोण? उत्तराला त्याच्याकडे जागा मोजकी. मुद्दाम घडवलेल्या वस्तूने लांबच लांब उत्तर दिलं की ते जागेबाहेर सांडतं, आणि कॉम्प्युटर तोच हुकूम समजून पाळायला लागतो. पासवर्ड कोणी विचारतच नाही. फक्त मशीन चालू हवं. ती ओळ मी तीनदा वाचली.

दसरा आठव. शाळेत घंटेची पूजा झाली, प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाची झाली, ऑफिसातल्या कॉम्प्युटरचीही झाली. समोर निरांजन तेवत असताना मशीन बंद कसं करायचं, म्हणून आम्ही शहाणे लोक ते लॉक करून चालूच ठेवतो. आणि पूजलेल्या वस्तूला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही! नाथू त्या नेमापायी दुपारभर दारात बसून होता. तू माझ्याबरोबर शाळेत आला होतास. मी पटांगणात सोनं वाटायला गेले तेव्हा तू म्हणालास, ताई, मी जरा ऑफिसातच पंख्याखाली टेकतो. दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी पकडण्याआधी तू एसटी स्टँडजवळच्या सायबरमध्ये तासभर होतास. दुपारी त्याच सायबरमधल्या कॉम्प्युटरवर मुलांना पेपर सापडला. समितीने नाथूला विचारलं, त्या दिवशी खोलीत कोण आलं होतं? तो म्हणाला, "परकं कोन नाय आलं." त्यांनी लिहून घेतलं, कोणीही आले नाही. मी शेजारीच बसले होते.

आता मुद्द्याचं. दसऱ्याच्या संध्याकाळी तुझी बॅग भरताना मला तो हिरवा तुकडा दिसला होता, तारा लोंबणारा. त्याच्या पत्र्याच्या तोंडाला कुंकू होतं. माझंच, सकाळी पूजेत मी ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या खाचेवर कुंकवाची बोटं ओढली होती ते. मला वाटलं, तूही आपल्या हत्याराची पूजा केलीस. मला हसू आलं आणि ते कुंकू मी पदराने पुसून टाकलं. तेरा दिवस मी गप्प आहे, कारण तू माझा भाऊ आहेस. पेपर चोरायला तू गेला नव्हतास, हे मला कळतं. आपली करामत दुसऱ्याच्या मशीनवर चालते का, एवढंच बघायचं होतं ना गाढवा? सायबरमध्ये फायली उघडून बघितल्यास आणि तिथेच टाकून निघून गेलास. गुरुवारी मी माझं म्हणणं मागे घेणार आहे आणि त्या खोलीत तू होतास हेही सांगणार आहे. पण लॉक असलेला कॉम्प्युटर उघडतो म्हटलं तर मला हसतील. ते दाखवणं फक्त तुला जमेल. तो तुकडा घेऊन ये आणि पहिलं भाषण इथे कर, महाडात, समितीच्या पाच जणांसमोर. मग परदेशातलं बोलावणं राहिलं तर राहिलं, गेलं तर गेलं. नाही आलास तरी मी एकटी जाईनच. समिती अकराला बसते. नाथू दहापासून तळ्यापाशी असेल, येताना त्याला बरोबर घेऊन ये. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. आशीर्वाद राखून ठेवलाय, दारात दिसलास की देईन.

तुझीच,
वैदेहीताई