पुढून घसरते की मागून?

४ मे, रविवार. संध्याकाळ.

कार्टच्या, त्या बुटक्या उघड्या गाड्यांच्या, रेसमध्ये पाचवे आलो. बोर्डावर माझ्या बायकोचं, इवोनीचं, एकटीचं नाव लावतात, पण गाडी ती चालवते आणि बांधतो मी, तेव्हा पाचवे आम्ही दोघं. कारण सरळ आहे. काल ट्रॅकवर रबर बसलं होतं, चाकं नुसती चिकटत होती. म्हणून रात्री मागच्या दोन चाकांमधली दांडी बदलली, नरम ॲक्सल घातला, गाडी जरा मोकळी धावावी म्हणून. सकाळी वारा सुटला. सोयाबीन निघून शेतं उघडी पडलीत, ती सगळी लाल माती ट्रॅकवर. पहिल्याच वळणावर इवोनी सांडलेल्या तेलावरून जावी तशी गेली.

शेजारच्या बॉक्समधला, म्हणजे गाडी बांधायच्या गाळ्यातला, जेनेझियो रेसच्या आधी येऊन सांगून गेला होता. "वाल्मोर, माती बघ की जरा. कडक ॲक्सल घाल." मी म्हटलं, आभारी आहे. प्रतिस्पर्ध्याचा सल्ला घ्यायला मी काही दूधखुळा नाही.

घरी येताना इवोनी म्हणाली, "आपल्याला जरा बोलायला हवं." मी म्हटलं, "माहितीये मला, मागून घसरत होती." ती खिडकीबाहेर बघत राहिली. दमली असेल.

संकल्प: यापुढे सकाळी ट्रॅकवर हात फिरवल्याशिवाय पाना उचलायचा नाही.

१९ मे, सोमवार.

दुकानात दोन फ्रिज आले, दोन्हींचा गॅस गेलेला. हात चालू, डोकं ॲक्सलवर.

आमची पोरगी तेल्मा लग्न होऊन गुआरापुआवाला गेली आणि घर एकदम ओकंबोकं झालं. तेव्हा इवोनीच म्हणाली होती, आपण दोघांनी मिळून काहीतरी करू या. तिच्या मनात नाचाचा क्लास होता. मी कार्ट घेतली. चालवायला तिला दिली, कारण माझं वजन इंजिनाला झेपत नाही. आणि काय सांगावं, चौथीच्या पोरांना भागाकार शिकवणारी बाई वळणावर ब्रेक असा दाबते की भलेभले बघत राहतात. चाळिशीपुढच्या गटात बायका तीनच. पुरुषांना हिची धास्ती आहे.

तेल्माचा आणखी एक उपयोग आहे. पाऊस दक्षिणेकडून येतो. आधी गुआरापुआवाला, मग आमच्या लोंद्रिनाला. म्हणजे आमचं उद्याचं हवामान माझ्या पोरीच्या अंगणात आदल्या दिवशीच हजर. असली सोय जेनेझियोकडे नाही. आज फोन केला, तर म्हणाली, "पप्पा, पावसाचं राहू द्या, मम्मी कशी आहे?" मी म्हटलं, चौथ्या गिअरमध्ये आहे. आमच्या कार्टला गिअर नसतात, विनोद होता. ती हसली नाही. नवऱ्याशी वाजलं असेल.

१२ जून, गुरुवार.

आमच्याकडचा प्रेमिकांचा दिवस. गुलाबांचे भाव ऐकून फुलवालीला हात जोडले आणि पुढे गेलो. पण मी काही अरसिक माणूस नाही. इवोनीसाठी नवा ॲक्सल आणलाय. मधला. नरमही नाही, कडकही नाही. एवढ्या लांब वस्तूला कागद पुरेना, मग दोन रंगांचे कागद जोडले, वर लाल फीत.

तिने टेबल मांडलं होतं, मेणबत्ती, माझ्या आवडीचं मांस, निळा शर्ट माझ्यासाठी. ॲक्सल तिने मांडीवर घेतला. मी म्हटलं, "वर्षभर चालेल. उन्हात, मातीत, कशातही." तर तिच्या डोळ्यांतून पाणी. मी पाठीवर हात फिरवला. इतकी गहिवरेल असं वाटलं नव्हतं. पुढल्या वर्षी ब्रेकची डिस्क.

२२ जून, रविवार.

आठवे. ह्यात माझी चूक शून्य.

हिवाळा लागलाय. सकाळी असली थंडी की श्वासाची वाफ. गारठ्यात टायर तापत नाही, तापला नाही तर धरत नाही, म्हणून हवा जास्त भरली. बरोबरच केलं. कुणीही हेच करील. पण रेस दुपारची. तोवर लख्ख ऊन, आधीच्या पोरांच्या रेसांनी ट्रॅकवर रबर चढवलेलं, आणि आमची गाडी वळणावळणावर बेडकासारखी उड्या मारतेय. हवा कमी करायची राहिली. कारण मी तेव्हा भाजलेल्या कणसांच्या रांगेत होतो. इवोनीसाठीच.

तिने हेल्मेट काढलं. चेहरा पांढराफटक. मी वही घेऊन तयार. "पुढून घसरते की मागून?"

म्हणाली, "दोन्ही नाही."

मी म्हटलं, असं होत नाही. कार्ट एक तर पुढून घसरते नाही तर मागून.

म्हणाली, "मग आतून, वाल्मोर. आतून घसरतेय."

सीटचे बोल्ट तपासले. एक खरोखरच ढिला निघाला. बाईला गाडी कळते यात वाद नाही.

६ जुलै, रविवार.

शाळेला सुट्टी लागली. इवोनी मारिंगाला बहिणीकडे गेली. निघताना म्हणाली, "किती दिवस ते माहीत नाही." मी म्हटलं, जा, निवांत राहा. मलाही गाडीचा सांगाडा पूर्ण उघडायचाच होता. ती असली की जेवणाच्या टेबलावर कार्ब्युरेटर ठेवता येत नाही.

आता ठेवलाय. प्रकाश चांगला पडतो तिथे.

१३ जुलै, रविवार.

तिला फोन केला. थंडीत इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, हे तिला नीट समजावून सांगितलं. हवा गार असली की दाट असते, वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जेवतोस का नीट?" मी म्हटलं, हो. चीजच्या बन्सना जेवण म्हणायचं की नाही हा वेगळा प्रश्न. ती म्हणाली, "बरं." आणि फोन चालूच ठेवला. मीही चालू ठेवला. कानात नुसती खरखर. मला वाटतं मारिंगाला नेटवर्क खराब आहे.

झोप नीट लागत नाही. थंडीमुळे.

२० जुलै, रविवार.

इवोनी आली होती! बहिणीच्या गाडीतून. दोन बॅगा भरल्या. मारिंगाला गारठा वाढलाय, गरम कपडे न्यायला आली होती. उन्हाळ्यातले झगेही नेले. आपल्याकडे हवेचा काय भरवसा, दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

टेबलावरचा कार्ब्युरेटर तिने पाहिला. मला वाटलं आता ओरडणार. ओरडली नाही. त्याच्याखाली वर्तमानपत्र सरकवलं, लाकडावर डाग पडू नये म्हणून, आणि गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं उगाच वाटलं.

२७ जुलै, रविवार.

तेल्माचा फोन. शेवटची रेस मम्मी धावणार आहे, पण जेनेझियोच्या टीमकडून. जेनेझियो आणि त्याच्या बायकोने तिला एक गाडी देऊ केलीय.

पहिल्यांदा हातातला पाना खाली ठेवला. मग बसून शांतपणे विचार केला आणि सगळा उलगडा झाला. इवोनी त्याचं सेटिंग बघायला गेलीय! आतून. त्याची हवा किती, ॲक्सल कुठला, सीट किती मागे. पुढच्या वर्षी सगळं आपल्या वहीत. मला आधी सांगितलं नाही ते बरोबरच, मी बडबड्या माणूस.

तेल्माला हे सांगितलं. ती म्हणाली, "पप्पा, तुम्हाला खरंच असं वाटतं?" मी म्हटलं, दुसरं काय असणार? आणि उत्तराची वाट न बघता फोन ठेवला.

९ ऑगस्ट, शनिवार.

गुआरापुआवाला धो धो पाऊस! उद्या आमच्याकडे.

आपली गाडी पावसासाठी बांधली. चालवणारी नसली म्हणून काय झालं. पुढची चाकं बाहेर, मागची आत, सीट उंच, सांगाडा सैल, पावसाळी टायरांत हवा भरपूर. ओल्या ट्रॅकवर असं लागतं, गाडीने अंग सोडावं लागतं, तेव्हा कुठे चाक जमीन धरतं. जेनेझियोला पाऊस कळत नाही. इवोनी पहिल्या फेरीतच वैतागेल, इकडेतिकडे बघेल, आणि मी गाडी घेऊन उभा असेन.

निळा शर्ट इस्त्री केला. एक बाजू जरा जळली, पण ती जॅकेटखाली जाते.

१० ऑगस्ट, रविवार. रात्र.

सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी तेल्माचा फोन, आज आमच्याकडचा पितृदिन म्हणून. मी विचारलं, पाऊस? ती म्हणाली, "रात्रभर पडला, पप्पा, आणि..." एवढं मला पुरे होतं. फोन ठेवला.

ट्रॅकवर भुरभुर चालू होती. गाड्या एकदा सुरुवातीच्या रांगेत लागल्या की टायर बदलता येत नाहीत, म्हणून सगळे आभाळाकडे बघत होते. कोरडे घालू की पावसाळी? जेनेझियो म्हणत होता, उघडेल, कोरडे घाला. आणि इवोनी चालत माझ्याकडे आली. किती दिवसांनी. केस कापलेत. म्हणाली, "तेल्माकडे काय आहे? थांबेल का?"

तिने मला विचारलं. जेनेझियो हातभर अंतरावर असताना मला विचारलं. माझी छाती फुगली. म्हटलं, "थांबत नाही. दुपारभर पडणार. पावसाळी घाल." तिने मान डोलावली. जेनेझियो हात वर करून म्हणाला, तुझी मर्जी.

तिसऱ्या फेरीला ऊन पडलं.

कोरड्या ट्रॅकवर पावसाळी टायर म्हणजे लोणी. तापले, फुगले, साल निघायला लागली. एकेक जण तिला मागे टाकत गेला. मी जाळीला धरून उभा होतो आणि जमिनीने पोटात घ्यावं असं वाटत होतं. शेवटून दुसरी आली. माझ्या हातून तिची इतकी वाईट रेस कधी झाली नव्हती, आणि ह्या वेळी तर गाडीही माझी नव्हती.

माफी मागायला गेलो. ती गाडीतून उतरत होती. हेल्मेट काढलं आणि हसायला लागली. जेनेझियोची बायको टायर दाखवत होती, नुसत्या चिंध्या, आणि ह्या दोघी एकमेकींना धरून हसतायत. "काय बेकार धावले मी! काय मजा आली!" डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. हे हसणं मी ओळखतो. लग्नाआधीचं आहे. आमच्या बॉक्समध्ये तिसऱ्या नंबरचा करंडक घेऊनसुद्धा ती असं हसली नव्हती.



मला पाहून ती बाजूला आली. मी म्हटलं, "चुकलं माझं. पुढच्या वेळी आपण मधला ॲक्सल..." तिने माझा हात धरला. म्हणाली, "वाल्मोर, गाडी छान होती. तू बांधलेली गाडी नेहमीच छान होती."

मी विचारलं, मग काय बिघडलं होतं?

तिने सांगितलं. फार वेळ नाही लागला. ह्या वेळी मी मध्ये बोललो नाही. म्हणाली, तेल्मा गेल्यापासून मी रोज तुझ्यासमोर बसत होते आणि तू माझ्या मागच्या चाकांकडे बघत होतास. चिडून नाही म्हणाली. चिडायचं तिचं संपलंय, ते कळलं. मारिंगाच्या शाळेत बदली मागितली होती, मिळाली. परत येणार नाही.

मी म्हटलं, नाचाचा क्लास लावू. ती म्हणाली, "नको रे." आणि माझ्या गालावर हात ठेवला. असा ठेवला की भांडायला काही जागाच उरली नाही.

व्हॅनमध्ये बसून रडलो. कार्ट मागे होती, पावसाळी बांधलेली, कोरडी ठणठणीत. पार्किंग रिकामं होईपर्यंत निघालो नाही.

घरी आल्यावर तेल्माचा निरोप पाहिला. "सकाळी फोन ठेवलात. सांगत होते, इथे पहाटेच उघडलंय. हॅपी फादर्स डे, पप्पा."

११ ऑगस्ट, सोमवार.

दुकान उघडलं. कोपऱ्यावरचा बेकरीवाला फ्रिज घेऊन आला. म्हणाला, इवोनीताई बऱ्याच दिवसांत दिसल्या नाहीत, कशा आहेत? मी म्हटलं, छान आहे.

खोटं नाही बोललो. खरंच छान आहे ती. काल मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.