सुट्टी की बेकारी

२३ जुलै १९७३, ईलिंग, लंडन

"तुम्ही बेकार नाही, मिसेस दिवेकर. तुम्ही सुट्टीवर आहात." — बेकारभत्ता मागायला गेले, तर लेबर एक्स्चेंजमधली काउंटरवरची बाई. वर गोड हसली!

सुट्टीवर? कायमच्या शिक्षकांना सुट्टीचा पगार मिळतो. मी सप्लाय टीचर, गरजेपुरती बोलावलेली. शाळा बंद, पगार बंद. शुक्रवारीच हेडमास्तरांना विचारलं होतं, सप्टेंबरात बोलावणार ना? "प्रॉमिस करता येत नाही, जेमिमा." तीन वर्षं दर जुलैत हेच. आणि दर सप्टेंबरात पुन्हा तोच वर्ग माझ्या गळ्यात!

शाळा म्हणते नोकरीचा भरवसा नाही. सरकार म्हणतं नोकरी आहेच. मग मी खाऊ काय?

२५ जुलै

योना म्हणाला, "जाऊ दे ना. सरकारपुढे हात कशाला पसरायचे?" ऑपरेशनपासून तो घरीच. त्याला वाटतं, नवरा घरी बसला म्हणूनच ही वेळ आली. मी ओरडलेच. हात पसरणं कसलं? दर आठवड्याला पगारातून बेकारी विम्याचे पैसे कापतात, तेव्हा विचारतं कुणी, कायमची की तात्पुरती?

मग वाईट वाटलं. टाके दुखतात त्याचे अजून. चहा करून दिला.

पण अपील करणारच!

११ ऑगस्ट

अपिलाची तारीख आली — २९. ट्रायब्युनलपुढे हेडमास्तरही येणार. बघू काय बोलतात.

२९ ऑगस्ट

हरले.

चेअरमननी विचारलं, "मिसेस दिवेकर सप्टेंबरात परत येतील?" हेडमास्तर छाती काढून — "अर्थातच! त्यांच्याशिवाय आमचं चालतच नाही." झालं! नोकरी नक्की, म्हणजे ही सुट्टीच. भत्ता नाही.

कान तापले माझे. उठून उभी राहिले. "सर, इतकं नक्की होतं, तर मला कायम का नाही केलंत?"

हेडमास्तर टोपी चाचपत बसले.

मग बसस्टॉपवर आलो. योना बरोबर आला होता, पोट धरून, हळूहळू चालत. मला वाटलं, आता हा म्हणणार, सांगितलं होतं ना. तर म्हणाला, "आणखी जोरात विचारायचंस."

३१ ऑगस्ट

हेडमास्तरांचा फोन. मंगळवारपासून मी कायम. हो म्हटलं, फोन ठेवला आणि रडले — आनंदानं नाही. एका प्रश्नात होण्यासारखं होतं, तर तीन वर्षं का नाही केलं?