खाण्याचा रकाना

नजरबाद, म्हैसूर
रविवार, २२ जून २०२५

चि. कीर्तना हिला नरहरीकाकाचे आशीर्वाद.

माझं अक्षर ओळखून तू हे वाचायचंच नाही असं ठरवशील, हे धरूनच लिहायला बसलोय. अडीच वर्षं तू माझा फोन घेतलेला नाहीस. त्याबद्दल तक्रार नाही. मी तुझ्या जागी असतो तर मीही घेतला नसता, आणि तुला जे कारण माहीत आहे त्याहून मोठं कारण माझ्याकडे आहे.

आधी घरचं. जून म्हटल्यावर दुकानात शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलाय. यंदा दोन शाळांनी रंग बदलले, त्यामुळे मागच्या वर्षीचं उरलेलं निळं कापड आता माझ्या पांघरुणालाच लागणार असं दिसतं. तुझी आई परवा भेटली, तब्येत बरी आहे. सरस्वतीपुरमला तुमच्या घरासमोर नवी इमारत उठतेय, तिच्या धुळीनं ती वैतागली आहे. आजीला आता अजिबात ऐकू येत नाही. मार्चपर्यंत डाव्या कानाशी ओरडलं की थोडं कळायचं, तेही गेलं. डोळे आधीच गेलेत. हाताला हात लावला की माणूस ओळखते, एवढंच. मालतीबाई म्हणजे एके काळी सगळ्या गल्लीचं बोलणं एकटीनं ऐकणारी बाई, तिची ही गत.

काल एकादशी, म्हणून दुकान बंद. मी बसनं बेट्टदपुरला गेलो होतो. तू आठ वर्षांची असताना त्या डोंगराच्या तीन हजार पायऱ्या तुझ्या बाबांनी आणि मी तुला चढवल्या होत्या. वर देवळापाशी पोचल्यावर तू विचारलं होतंस की एवढंच का, आणि शरत किती हसला होता. काल मी शंभर-सव्वाशे पायऱ्या चढलो आणि बसलो. पाय दुखत नव्हते. वर जायची इच्छाच होईना. तासभर बसून परत आलो.

आता मुद्द्यावर येतो, नाहीतर शिंपी नुसताच टाके उसवत बसला म्हणशील.

तुझी आई परवा भेटली म्हटलं, ते शुक्रवारी दुकानात. नमितानं फोन माझ्यापुढे धरला. तू तिला पाठवलेला बेत होता. ती म्हणाली, तुला कळलं तर तू रागावशील, पण डोंगरातलं तिला काही कळत नाही, मी एकदा बघावं. तिकडे परदेशात, इन्सब्रुकच्या मागची डोंगराची कड, तीन शिखरं, एका दिवसात. सोबतीला तुझी मैत्रीण पूजिता. तारीख सहा जुलै.

बेत छान केला आहेस. कागदावर रकाने आखलेत तसेच, जसे मी तुला शिकवले होते. वेळ, जागा, चढ, पाणी, परतायची वेळ, आणि शेवटी प्रत्येकाच्या नावापुढे खाणं. काही गोष्टी बदल. रोपवेच्या पहिल्या पाळण्यानंच वर जा, दुसऱ्याची वाट बघू नकोस. परतायची वेळ तू दोन लिहिली आहेस, ती बारा कर. जुलैत दुपारनंतर तिथे ढग चढतात असं तूच खाली लिहिलं आहेस, आणि कडेवर आधाराला लोखंडी तार आहे म्हणतेस. विजेच्या वेळी त्या तारेजवळ असायचं नाही. बूट नवे घेतलेस, ते आजपासून पायात घालून बाजारात हिंड. दुसऱ्या आणि तिसऱ्या शिखराच्या मधला जो अरुंद भाग आहे, त्याच्या आधी दहा मिनिटं बसायचंच, दमलेली नसलीस तरी.

आणि खाण्याचा रकाना. पूजिताच्या नावापुढे पाव, चीज, सफरचंद. तुझ्या नावापुढे रेघ. रेघेखाली बारीक अक्षरात तू लिहिलं आहेस, ‘आषाढी. बाबांचा मोडलेला उपास.’

ते वाचून मी नमिताला म्हणालो, ठीक आहे, सावकाश बघून सांगतो. ती गेल्यावर एका शर्टाला दोन्ही डाव्या बाह्या लावल्या.

कीर्तना, तुझ्या बाबांनी उपास मोडला नव्हता.

तेराव्याच्या दिवशी तू मला अंगणात गाठलं होतंस. तुझ्या हातात आमचा त्या दिवसाचा कागद होता, चौकीवरून परत आलेला. तू विचारलंस, “काका, बाबांनी खरंच कार्तिकीला उप्पीट खाल्लं?” मी म्हणालो, “हो. मीच खायला लावलं.” तू माझ्याकडे बघितलंस ते मला अजून दिसतं. तीस वर्षांत एकही कार्तिकी न चुकवलेल्या माणसाला थोरल्या भावानं शेवटच्या दिवशी बाटवलं, हे तुला सहन झालं नाही. तू माझ्याशी बोलणं टाकलंस. आणि मी ते मुकाट्यानं घेतलं, कारण ते मला परवडत होतं. लहान पापाखाली मोठं झाकून गेलं.

खरं काय झालं ते आता लिहितो. त्या दिवशी आम्ही दोघंच होतो, त्यामुळे हे दुसऱ्या कुणाला माहीत नाही.

एकादशीला सुई धरायची नाही, हा आपल्या घरचा नियम पणजोबांपासूनचा. म्हणून आम्हा भावांना सवड मिळायची ती एकादशीलाच. बाकीचे लोक रविवारी डोंगरात जातात, आम्ही रविवारी कापड बेततो. लहान टेकड्यांना त्यानं काही बिघडत नव्हतं. शरत पाणी पिऊन चढायचा, संध्याकाळी देवळात जायचा. मी मात्र पिशवीत डबा न्यायचो आणि कुठल्या तरी खडकाआड खाऊन यायचो. त्याला माहीत होतं. तो कधी बोलला नाही, उलट “अण्णा, जरा तिकडचा देखावा बघून या” म्हणून हसायचा.

घाटातली ती तीन शिखरं म्हणजे टेकड्या नव्हेत. नऊ तासांची चाल, वर झाड नाही, एका बाजूला गवताचा उतार आणि दुसऱ्या बाजूला दरी. बेत माझा. तारीख माझी. दुकानातल्या कॅलेंडरवर चार नोव्हेंबरच्या चौकटीत कार्तिकी एकादशी लिहिलेलं मी वाचलं होतं. सुटी आहे, एवढंच मनात आलं. त्याच्या नावापुढे खाण्याच्या रकान्यात मी स्वतः रेघ ओढली आणि पुढच्या ओळीवर गेलो.

पहिल्या शिखरावर मी खडकाआड डब्यातलं पुळिओगरे, आपला चिंचेचा भात, खाल्लं, पोटभर. दुसऱ्या शिखरावर पोचलो तेव्हा पावणेएक वाजत आला होता. माझ्याच कागदावर परतायची वेळ बारा होती. शरत खाली बसला. म्हणाला, “अण्णा, साकु आता. तलेसुत्तु येतंय.”

पुरे म्हणत होता. भोवळ येतेय म्हणून सांगत होता. त्याच्यासारखा माणूस हे उगीच म्हणत नाही, हे मला कळायला हवं होतं. कळलंही होतं. पण समोर तिसरं शिखर इतकं जवळ दिसत होतं, आणि मला पंचावन्नाव्या वर्षी ते एकदा करायचंच होतं. मी म्हणालो, “साकु कसलं? समोर तर आहे. ऊठ, ये माझ्या मागनं.”

तो उठला. लहानपणापासून मी ऊठ म्हटलं की तो उठायचा.

मी दहा-बारा पावलं पुढे होतो. मागे स्टीलची बाटली दगडावर आपटत गेल्याचा आवाज आला. वळून बघितलं तर वाट रिकामी होती. ना हाक, ना काही. गवत ओलं होतं, पाय घसरला, हे सगळं मी नंतर लोकांना सांगितलं. मी काहीच बघितलेलं नाही. मी पुढे बघत होतो.

खाली चौकीत हवालदारानं कागद मागितला. तो दुसऱ्या टेबलाशी गेला तेवढ्यात मी खिशातलं पेन काढलं आणि शरतच्या नावापुढच्या रेघेवर ‘उप्पीट, दोन केळी’ लिहिलं. उपाशी भावाला कडेवर ओढत नेलं, असं कुणी म्हणू नये म्हणून. भाऊ वर दरीत पडलेला, आणि मला स्वतःच्या नावाची काळजी. तो कागद तुझ्यापाशी आहे. उजेडात धरून बघ. उप्पीटच्या खाली रेघ दिसेल. शाईही वेगळी आहे.

मला वाटलं होतं, यानं निदान कुणाचं बिघडणार नाही. आजी रोज विठ्ठलापुढे बसून म्हणते, पोरानं उपास मोडला, त्याला पदरात घे. शेजारच्या खोलीत मशीनवर बसून मी ते रोज ऐकतो. शुक्रवारी तुझा बेत वाचून घरी आलो आणि पहिल्यांदा तिच्यापुढे बसून सगळं सांगितलं, मोठ्यानं, दोनदा. तिनं माझा हात चाचपला, मी आहे हे ओळखलं आणि जेवलास का म्हणून विचारलं. तिच्यापर्यंत आता हे कधीच पोचणार नाही. मी फार उशीर केला.

आणि आता तू. माझ्या एका ओळीवर विश्वास ठेवून तू उपाशी पोटी त्या कडेवर निघाली आहेस, जे कधी मोडलंच नाही ते पुरं करायला. फेडायचं काही राहिलेलं नाही, बाळ. तुझ्या बाबांची तिसावी कार्तिकीही पुरी झाली होती. तुला जायचं असेल तर जा, पण खाऊन जा. मी अडवणार नाही, अडवायचा हक्क कधीच गेला. खरं सांगायचं तर तू ऐकशील असंही वाटत नाही. तू शरतचा हट्ट घेऊन आली आहेस, आणि आता माझा शब्द म्हणजे तुला नकोच असेल. तरी खाण्याच्या रकान्यात काहीतरी लिही. आणि जे लिहिशील ते खा.

हे पाकीट मी चिकटवलेलं नाही. टपालानं पाठवलं तर सहा जुलैच्या आत पोचेल याची खात्री नाही, म्हणून उद्या सकाळी सरस्वतीपुरमला जाऊन नमिताच्या हातात उघडंच देणार आहे. ती आधी वाचेल. मग फोटो काढून तुला पाठवेल. ती वाचत असताना मी समोर बसून राहीन. तिनं मला नवऱ्याच्या मागे राहिलेला थोरला दीर म्हणून मान दिला, दर सणाला ताट पाठवलं. तो मान उद्या अकरापर्यंत संपेल. काय बोलेल ते ऐकून घेईन. काही बोलली नाही तर जास्त वाईट.

माफी मागत नाही. ती मागायची ज्याच्याकडे, त्याला मी ऊठ म्हटलं होतं.

त्या कार्तिकीला आपल्या घरात ज्यानं उपास मोडला, तो एकटा,
तुझा काका,
नरहरी