बिजलीचा जेरबंद

सोम. ४ फेब्रु. ८५, वाशी

आज दुपारी बोनकोडे गावात वंदना मला हसली आणि सगळं बदललं. कॉलेजात होतो तेव्हा दोघं एकाच बसला असायचो. मी बघायचो, ती खिडकीबाहेर बघायची. आता ती मला बघते. पण कशी, तर तमाशातल्या सोंगाड्याला बघावं तशी.

झालं असं. सकाळी कामावर, सीटकव्हरच्या दुकानात एकटाच, रिक्षाची गादी शिवत होतो. वंदना दारातूनच म्हणाली, "बाबांनी सांगितलंय, बिजलीला जेरबंद करून पायजे. शुक्रवारी वरात हाय." आणि बस आली म्हणून पळाली. बिजली म्हणजे तिच्या वडिलांची, जनादादांची घोडी. लग्नाला नवरदेव मिरवते.

जेरबंद मला पेपरातलं ठाऊक. दरोडेखोर जेरबंद, बिबट्या जेरबंद. म्हटलं घोडी सुटली. मशीन तसंच टाकलं, दोर घेतला, सायकल हाणली थेट खाडीपर्यंत. झुडपं पालथी घातली. शेवटी बोनकोड्यात गेलो तर घोडी अंगणात. बांधलेली. गवत खातेय. मी घामाघूम, खांद्यावर दोर.

जनादादा : "काय रं, बैल बांधाला आलास?"

सांगितलं तर वंदना ओट्यावर बसून हसली, ओढणी तोंडात कोंबून. "अरे, जेरबंद पट्टा असतो. नाकपट्टीपासून खाली, पुढच्या पायांमधून, पोटाच्या तंगाला, खोगीर बांधतात त्या पट्ट्याला. घोडीने डोकं उडवू नये म्हणून." मागच्या वरातीत बिजलीने डोकं उडवून नवरदेवाचं नाक फोडलं म्हणे. त्याच वेळी जुना पट्टा तुटला.

घरी आलो, दार आपटलं. आई म्हणाली, कडी परत निखळली.

मंगळ. ५

मापाला जुन्या पट्ट्याचा तुकडा आणलाय. कातडं जाड, सुई दोनदा मोडली. शेठ म्हणाले, घोडीचं काम पहिल्यांदाच आलंय, नाव घालवू नकोस.

शिवताना तोच शब्द डोक्यात. पकडणं नव्हेच ते. डोकं जागेवर ठेवणं. सरांनी वर्गात सगळ्यांदेखत "तू रिक्षाच चालव" म्हटलं, मी पुस्तक भिरकावून उठलो, एस.वाय. तिथेच राहिलं. तेव्हा कुणी मला असा एक पट्टा...

बुध. ६

वं. दुकानात आली. पट्टा बघायला म्हणून. मग सहज म्हणावं तसं, "उरणचं स्थळ आलंय. रविवारी बघायला येतायत."

"मग?"

"मग काय. तू सांग."

मी काय सांगितलं? म्हटलं, येऊ दे, तंगडी तोडतो त्याची. ती निघून गेली.

तंगडी तोडतो. वा रे शहाण्या.

नंतर पट्टा नुसता ओढून ओढून शिवला. मापाकडे लक्ष नव्हतं. आखूड झालाय बहुतेक. जाऊ दे, जास्त घट्ट तर जास्त चांगला.

गुरु. ७

चांगला कसला. बिजलीला चढवला तर पाऊलच टाकेना. मान वर करायला जागा नाही. थरथरत मागे मागे सरकली, पार कुंपणाला लागली. डोळे पांढरे. जनादादांनी बक्कल सोडलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. नुसतं म्हणाले, "तिला बांधून नाय ठेवाची रं. चालवाची हाय." आणि पाणी आणायला गेले.

वं.ने पट्टा हातात घेतला. "मान जागेवर असली की हा सैल लोंबायला पायजे. तिला कळू पन नये. उडवली तरच लागला पायजे." मग माझ्याकडे न बघता, "बाबांना विचारायला येशील तेव्हा ती तंगडीची भाषा नको."

येशील तेव्हा.

आलास तर नाही. येशील तेव्हा. सायकल कुठून कशी आणली आठवत नाही. रात्रीतून नवा शिवतो.

शुक्र. ८

वरात घणसोली गावात. पट्टा बघायला म्हणून मी बरोबर. फटाक्यांची माळ लागली, बिजलीने मान उडवली, पट्टा ताणला, मान खाली आली, चालायला लागली. बाकी वेळ लोंबत होता नुसता. बघत राहावंसं वाटत होतं.

मग नवऱ्याकडचा एक प्यायलेला : "ए घाट्या, घोरी तुझी सासू हाय काय, एवरी जपतंस?"

सगळे हसले. माझा हात वर गेला होता. गेलाच होता. बायकांच्या घोळक्यात वं. दिसली. तिने हनुवटीपासून खाली छातीवरून बोट ओढलं. पट्टा जातो तसं.

हात खिशात घातला. खिशात मूठ तशीच.

जनादादांनी पाहिलं का? कळलं नाही. जाताना म्हणाले, "पट्टा बरा झाला." पट्टाच म्हणाले.

रवि. १०

उरणवाले दुपारनंतर येणार. त्याआधी पोचायचं.

सकाळपासून काय बोलायचं ते मनात म्हणून बघतोय. दर वेळी जनादादांशी भांडणच होतं. ते म्हणतात घाट्याला पोरगी देनार नाय, मी काहीतरी बोलतो, वं. आत निघून जाते. त्यापुढे जातच नाही.

वडिलांना, आण्णांना, सांगितलं, वं.ला मागणी घालायला जातोय. पेपर खाली न करता म्हणाले, "कॉलेज सोडलं, आता घोडीचं शेण काढ. आपण घाटावरचे, ते लोक आपल्याला दारात उभं करणार नाहीत. आणि हाकललं तर इथे तोंड घेऊन येऊ नकोस."

जिभेवर इतकं आलं होतं की बस. गिळलं. आई दाराच्या कडीकडे बघतेय. तारेने बांधलीय ती.

सैल लोंबायला पायजे म्हणाली. माझं तर सकाळपासून सगळंच ताणलेलं आहे.

वही ट्रंकेत टाकतो. चप्पल घातलीय. निघतो.

दार ओढून घेणार. आपटणार नाही.