शेवटच्या शब्दाची लाट

रविवार, ३ मार्च

ताईनं आज शेवटी तोंड उघडलं. बाबांना झटका येऊन चौदा महिने झाले. उजवी बाजू गेली, वाचा गेली, डोळे तेवढे उघडे. ताईनं शाळेतली चित्रकला शिकवायची नोकरी सोडली आणि भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं अंगावर घेतलं. मी रविवारी जाते, चहा पिते, सल्ले देते.

तिचं म्हणणं सरळ आहे. बाबांना बोललेलं कळतं की नाही, डॉक्टर नक्की काही सांगत नाहीत. मी तर प्रयोगशाळेत रोज कॉलेजच्या पोरांच्या डोक्यावर तारांच्या टोप्या चढवून, मेंदूतल्या लाटांवरून त्यांना वाक्य कळलं का ते बघते. मग बाबांच्या डोक्यावरही चढवावी. शाळेनं तिची जागा जूनपर्यंत राखून ठेवली आहे.

"त्यांना कळत असेल तर मी मरेपर्यंत करीन," म्हणाली. "नसेल कळत, तर मला सोडव."

ओंडक्याला काय कळतंय — मी म्हटलं. बाबांच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. मुद्दाम मोठ्यानं म्हटलं.

मंगळवार, ५ मार्च

यंत्रवाल्याला विचारलं. आमच्या विभागात आम्ही दोघंच — मी माणसांची डोकी बघते, तो त्याचं मशीन. मशीननं ढीगभर मजकूर वाचलाय. वाक्य दिलं की त्यातला प्रत्येक शब्द किती अनपेक्षित आहे त्याचा आकडा देतं. माझ्या टोपीखालचं डोकं तेच लाटेनं सांगतं. 'मी चहात साखर घातली' — शांत. 'मी चहात चप्पल घातली' — अर्ध्या सेकंदाच्या आत लाट! माणूस लपवू म्हणेल तरी लपत नाही. तीन वर्षं आमचा एकच वाद: मशीनला अर्थ कळतो की नुसती सवय आहे? तो म्हणतो कळतो. मी म्हणते, पोपट आहे.

तो लगेच हो म्हणाला. पुढच्या बुधवारी खोली रिकामी आहे.

गुरुवार, ७ मार्च

वाक्यं लिहायला बसले. साधी एकशेवीस तयार होतीच. वर माझी साठ घातली.

बाबा भाषेचे मास्तर. धडा घडाघडा पाठ म्हटला तरी भागायचं नाही. "अर्थ सांग." अर्थ चुकला की अडगळीची खोली, बाहेरून कडी. ताईचा अर्थ कधी चुकला नाही. मी आज अर्थावर पोट भरते ती त्यांचीच कृपा म्हणायची.

तर माझी वाक्यं जोडीजोडीनं, बापाच्या तोंडची. 'धाकटी चुकली तेव्हा मी तिला समजावलं.' 'धाकटी चुकली तेव्हा मी तिला कोंडलं.' एका जोडीवरून काही सिद्ध होत नाही, म्हणून तेच तीस तऱ्हांनी. यंत्रवाल्याच्या मशीनलाही दिली, नेहमीच्या पोरांनाही ऐकवणार. दिवसाला दहा वाक्यं लिहून दमणारी मी, आज तासाभरात साठ!

बुधवार, १३ मार्च

ताईनं त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणलं. दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून — जसं काही परीक्षेलाच! टोपी चढवली. एकेका छिद्रातून जेल सोडताना टाळू जरा खरवडावी लागते. जरा जास्तच खरवडली. ताईनं विचारलं, बाबा, दुखत नाही ना? मी म्हटलं, तू बाहेर बस.

वाक्यं माझ्याच आवाजात भरलेली. पन्नास मिनिटं. चेहरा लाकडी, सुरकुतीसुद्धा हलली नाही.

शुक्रवार, १५ मार्च

कळतं.

साध्या वाक्यांवर लाटा अगदी पोरांसारख्या, किंचित उशिरा इतकंच. सगळं कळतं. म्हणजे चौदा महिने सगळं कळत होतं. त्यांच्या उशाशी बसून मी काय काय बोलले ते आठवायला लागले आणि दहा-बारावर सोडून दिलं.

मग माझी साठ. पोरांना 'समजावलं' गुळगुळीत गेलं, 'कोंडलं'वर लाट. बाप लेकीला समजावणारच, कुणालाही तेच वाटणार. मशीनचे आकडेही तेच सांगतात. बाबांचं बरोबर उलटं. 'समजावलं'वर उसळी, 'कोंडलं'वर ढिम्म! यंत्रवाला म्हणाला, हे जगाच्या उलटं कसं? तारा उलट्या लावल्यास की काय? मी म्हटलं, तारा बरोबर आहेत.

त्यांच्या लक्षात आहे. मला आनंद झाला. लिहून ठेवते — आनंदच झाला.

शनिवार, १६ मार्च

झोप गाढ लागली. कितीतरी दिवसांनी.

रविवार, १७ मार्च

ताईला सांगितलं. त्यांच्या पलंगाशी उभं राहून, त्यांना ऐकू जाईल असं.

"काही नाही गं, ताई. सगळं सपाट आहे."

ताई मटकन खाली बसली. पदर तोंडात कोंबून रडली. बाबा माझ्याकडे बघत होते. डाव्या हाताची बोटं चादरीवर वळवळायला लागली. ताईनं डोळे पुसत तिकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, ते आपोआप होतं, त्याला अर्थ नसतो. शास्त्रच माझं, कोण खोडणार?

घरी येताना स्वतःला बजावलं की हे ताईसाठी केलं. तिनं तरी किती दिवस मरमर मरायचं? यातलं निम्मं खरं आहे.

शनिवार, ३० मार्च

आज त्यांना शुश्रूषागृहात ठेवलं. सहा खाटा, त्यांची भिंतीकडची. खिडकीतून पाण्याची टाकी दिसते. नर्सनं विचारलं, आजोबांना बोललेलं कळतं का? मी म्हटलं, नाही हो. तुम्ही बिनधास्त काहीही बोला.

ताई खाली सह्या करत होती. मी वाकून त्यांच्या कानाशी गेले.

"तुम्हाला सगळं कळतं, मला माहीत आहे. मी सांगितलं नाही."

मोठा श्वास घेतला त्यांनी. डाव्या हातानं माझी बाही धरली. चांगली घट्ट, ओंडक्याला न शोभेल अशी! मी एकेक बोट सोडवलं आणि बाहेर आले. दोन मजले कठड्याला धरून उतरले.

सोमवार, १ एप्रिल

यंत्रवाल्याला बाबांची नोंद शोधनिबंधात हवी आहे. म्हणतो, आपला वाद या एका डोक्यानं मिटवला. मशीनला जगाचा अर्थ कळतो, पण एका माणसावर काय गुदरलं ते त्याला कुठून कळणार? तू जिंकलीस! तो जेवायला गेल्यावर मी नोंद पुसून टाकली. मूळ प्रतसुद्धा.

गुरुवार, ४ एप्रिल

बाही सारखी आठवते. नोंद पुसली असली तरी माझं तोंड शाबूत आहे. ताईला खरं सांगायचं. ती त्यांना परत आणेल, मला उभ्या जन्मात माफ करणार नाही. चालेल.

रविवार, ७ एप्रिल

ताईकडे गेले. ती शाळेसाठी रंगाच्या बाटल्या धूत होती. सगळं सांगितलं — लाटा, माझी साठ वाक्यं, खोटं, बाही. ती बाटल्या धूतच राहिली.

"मला माहीत होतं, त्यांना कळतं ते," म्हणाली. "पहिल्या महिन्यापासून."

मग ती टोपी कशाला, मी विचारलं.

"नाही म्हणणारं कुणीतरी हवं होतं. माझ्या तोंडून निघत नव्हतं." नळ बंद करून तिनं हात पुसले. "तू बाबांवर गेली आहेस. काहीही दिसलं तरी तू नाहीच म्हणणार, याची मला खात्री होती."